गुरुवारची रक्तदाब ओपीडी : मूत्रपिंडाच्या अरुंद धमन्यांचा माग काढणारी एक सेवा

पुण्याच्या पेठांमधील एका धर्मादाय रुग्णालयात दर गुरुवारी दुपारी केवळ रक्तदाबाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र ओपीडी चालते. एखाद्या गोळीने आटोक्यात राहणाऱ्या साध्या रक्तदाबासाठी ती नाही, हे केस पेपर काढतानाच सांगितले जाते. तीन-तीन औषधे घेऊनही ज्यांचा आकडा उतरत नाही, ज्यांना फार लहान वयात रक्तदाब जडला आहे किंवा ज्यांचा वर्षानुवर्षे शांत असलेला रक्तदाब अचानक उसळला आहे, अशा रुग्णांच्या आजाराचे मूळ शोधणे हे या ओपीडीचे काम आहे. अशा मुळांपैकी एक महत्त्वाचे मूळ म्हणजे मूत्रपिंडाला रक्त पुरवणारी धमनी अरुंद होणे. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हेच निदान झाले आणि त्या निमित्ताने या सेवेचा पहिल्या खिडकीपासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत अनुभव घेता आला. पुढे काही तक्रारीही नोंदवल्या असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही. मात्र अशी सेवा कशी असावी आणि तिच्याकडून काय मागून घ्यावे, हे इतरांना कळावे म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

सासरे 66 वर्षांचे आहेत, एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि साताऱ्याजवळच्या गावी राहतात. त्यांना रक्तदाब जुनाच, पण तो अ‍ॅम्लोडिपिनच्या एका गोळीवर इतका सरळ चालला होता की घरात कोणी त्याची चर्चाही करत नसे. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र वरचा आकडा 170 च्या खाली येईना. एका गोळीच्या दोन झाल्या, मग लघवीची गोळी जोडली गेली आणि त्यानंतर टेल्मिसार्टन सुरू झाले. प्रत्येक वेळी स्पष्टीकरण तेच मिळे : वय झाले, लोणचे-पापड कमी करा, टेन्शन घेऊ नका. आपल्याकडे रक्तदाबाच्या रुग्णाला सर्वांत जास्त वेळा लिहून दिले जाणारे औषध बहुधा 'टेन्शन घेऊ नका' हेच असावे. अनेक वर्षे आटोक्यात असलेला रक्तदाब काही महिन्यांत बेलगाम का झाला, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. तो पहिल्यांदा या ओपीडीत विचारला गेला.

डॉक्टरांच्या खोलीआधी मोजणीची खोली आहे आणि सेवेचा दर्जा तिथेच लक्षात येतो. सिस्टरांनी सासऱ्यांना पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे नुसते बसवले. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेतली आहे का, लघवीला जाऊन आलात का, असे विचारले. दंडाचा घेर पाहून पट्टा निवडला. दंडाच्या मानाने पट्टा लहान असेल, तर आकडा खोटाच वाढलेला दिसतो आणि मग नसलेल्या आजाराचा शोध सुरू होतो. त्यानंतर दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला गेला, थोड्या वेळाने पुन्हा घेतला गेला आणि शेवटी उभे करूनही घेतला गेला. दोन हातांच्या वरच्या आकड्यांत 10 पेक्षा अधिक फरक वारंवार दिसला, तर तो कागदावर लाल शाईने लिहितात, कारण हाताकडे जाणाऱ्या धमनीतच अडथळा असल्याची ती खूण असू शकते आणि ज्याची एक धमनी आजारी आहे त्याच्या बाकीच्या धमन्यांकडेही पाहावे लागते. घरचे यंत्र सोबत आणले असेल, तर ते त्यांच्या यंत्राशी ताडूनही देतात. आमचे यंत्र बरोबर निघाले. शेजारच्या एका आजोबांचे मनगटावर बांधायचे यंत्र मात्र फारच भलते आकडे दाखवत होते आणि त्यांना दंडाचे यंत्र घेण्याचा सल्ला मिळाला. घरी मोजताना सात दिवस सकाळी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा मोजून पहिला दिवस सोडून सरासरी काढायची, आणि ती 135/85 च्या वर असेल तर रक्तदाब वाढलेला समजायचा, हे सिस्टरांनी वहीत स्वतः लिहून दिले. या एका खोलीसाठी मी सेवेला पूर्ण गुण देईन.

डॉक्टरांनी पहिला बराच वेळ कोणतीही तपासणी न लिहिता प्रश्न विचारण्यात घालवला. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला, कारण त्यातील जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे एक धोक्याची खूण दडलेली होती. गोळ्या खरोखर रोज घेता का आणि रिकामी पाकिटे आणली आहेत का, हा पहिला प्रश्न होता. औषधांना न जुमानणारा म्हणून पाठवलेला रक्तदाब बऱ्याचदा न घेतलेल्या गोळ्यांचा असतो. मग गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी मेडिकलमधून परस्पर घेता का, खोकल्यासाठी ज्येष्ठमध सतत चघळता का, रात्री मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, असे विचारले गेले. वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडावरही ताण आणतात. ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तदाब चढतो आणि रक्तातील पोटॅशियम उतरते, म्हणजे ज्या आजाराचा शोध चालू आहे त्याचीच हुबेहूब नक्कल होते. या सगळ्या शक्यता बाजूला पडल्यावरच डॉक्टर मूत्रपिंडाकडे वळले.

"काका, चालताना पोटऱ्या भरून येतात का? थांबलं की बरं वाटतं का?" असे त्यांनी विचारले. येतात, सासरे म्हणाले, बाजारापर्यंत जाताना दोनदा थांबावे लागते. आम्ही ते वयाच्या खाती टाकले होते. पायांच्या धमन्यांत चरबीचे थर साचून रक्त कमी पडू लागले की हेच होते. उतारवयात मूत्रपिंडाची धमनी अरुंद होण्यामागे दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत हेच थर असतात, म्हणून पायांची किंवा हृदयाची धमनी आजारी असलेल्या माणसाचा रक्तदाब अचानक बिघडला, तर संशय आधी मूत्रपिंडाच्या धमनीवर घेतला जातो. तंबाखूची चौकशीही त्याच ओघात झाली. सासरे आयुष्यभर मळून खात आले आणि तरुणपणी विडीही ओढत होते. पंचावन्न वर्षांनंतर पहिल्यांदाच तीव्र रक्तदाब उद्भवणे किंवा जुना रक्तदाब एकाएकी बिघडणे ही वयाशी जोडलेली खूण आहे, असे सांगून डॉक्टरांनी फाईलवर तारखांचा एक लहान तक्ता काढला : कोणत्या महिन्यात कोणती गोळी वाढली आणि त्या वेळी आकडा किती होता. आमच्या फाईलमध्ये ही माहिती वर्षभर पडून होती, पण एका ओळीत कोणी मांडली नव्हती.

पुढचा प्रश्न मला त्या क्षणी अप्रस्तुत वाटला होता. रात्री अचानक धाप लागून उठून बसावे लागले का, फुप्फुसात पाणी झाले म्हणून कधी दाखल केले होते का? सासऱ्यांना तसे झाले नव्हते. दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद झाल्या असतील, किंवा एकच मूत्रपिंड काम करत असून त्याचीच धमनी अरुंद असेल, तर शरीरात मीठ-पाणी साठते, त्यातच रक्तदाब उसळतो आणि काही तासांत फुप्फुसे पाण्याने भरतात. हृदयाचे पंपिंग चांगले असूनही असा झटका पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो हृदयाचा आजार समजून सोडून देता येत नाही. थॉमस पिकरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये असे रुग्ण नोंदवले होते. या आजाराच्या साऱ्या खुणांमध्ये ही एक खूण अशी आहे की जिच्यासाठी गुरुवारची वाट पाहायची नाही. अशा वेळी रुग्णाला थेट तातडीच्या विभागात न्यायचे, एवढे डॉक्टरांनी निक्षून सांगितले.

मूत्रपिंडाचा आणि रक्तदाबाचा एवढा संबंध का, हे समजावताना डॉक्टरांनी इमारतीचे उदाहरण दिले. वरच्या मजल्यावरच्या एका घराच्या नळात गाळ साचून धार बारीक झाली आणि त्या रहिवाशाने टाकीच रिकामी आहे असे समजून खालचा पंप चालू केला, तर सगळ्या इमारतीच्या पाइपांवर दाब वाढतो, पण त्याच्या नळाची धार मात्र बारीकच राहते. अरुंद धमनीमागचे मूत्रपिंड असेच वागते. आपल्याकडे रक्त कमी येते म्हणजे शरीरातच रक्त कमी आहे असा त्याचा समज होतो आणि ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होऊन सर्वत्र रक्तवाहिन्या आकसतात, त्यानंतर अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढून मीठ शरीरात धरून ठेवले जाते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. हे ज्ञान तसे जुने आहे. रेनिनचा शोध 1898 मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बेर्गमन यांनी लावला, तर मूत्रपिंडाच्या धमन्यांना चिमटा लावून त्या अरुंद केल्यास रक्तदाब कायमचा वाढवता येतो, हे हॅरी गोल्डब्लाट यांनी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात कुत्र्यांवरील प्रयोगांतून 1934 मध्ये दाखवून दिले. इतकी जुनी गोष्ट आजही कित्येक दवाखान्यांत रुग्णासमोर एकदाही उच्चारली जात नाही, याचे मला आश्चर्य वाटले.

मग तपासणी झाली. सासऱ्यांना झोपवून डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीवरून खाली आणला आणि बेंबीच्या वर, दोन्ही बाजूंना आणि मग पाठीमागे कमरेच्या वर शांतपणे ऐकले. अरुंद जागेतून रक्त घुसताना 'फुस्स' असा आवाज होतो आणि तो नाडीच्या ठोक्याबरोबर तसेच दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही ऐकू आला, तर त्याचे वजन वाढते. सासऱ्यांच्या डाव्या बाजूला तो होता. आवाज ऐकू आला नाही म्हणून धमनी निरोगी आहे असे मात्र ठरत नाही, कारण पोट सुटलेले असले तर तो सहज हरवतो. वर्षभरात अनेक डॉक्टरांनी सासऱ्यांना तपासले होते, परंतु पोटावर स्टेथोस्कोप कोणी ठेवला नव्हता. त्यांना दोष देण्याचा हेतू नाही, गर्दीच्या दवाखान्यात रुग्णामागे पाच मिनिटेही मिळत नाहीत. पण या तपासणीला पैसे लागत नाहीत आणि वेगळी अपॉइंटमेंटही लागत नाही, हे नोंदवले पाहिजे.

त्यानंतर फाईल उलगडली आणि खरा पुरावा तिच्यातच सापडला. टेल्मिसार्टन सुरू होण्यापूर्वी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारे द्रव्य, 1.2 होते आणि सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी केलेल्या तपासणीत 1.8, म्हणजे निम्म्याने वाढलेले. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'सार्टन' किंवा 'प्रिल' येते, अशा गोळ्या अँजिओटेन्सिनचा परिणाम रोखतात. एरवी मूत्रपिंडासाठी त्या चांगल्याच असतात. पण दोन्ही धमन्या अरुंद असतील, तेव्हा गाळणीतला दाब त्या अँजिओटेन्सिनच्याच आधारावर कसाबसा टिकलेला असतो. तो आधार काढला की गाळण्याचे काम मंदावते आणि क्रिएटिनिन चढते. थोडी वाढ अपेक्षितच असते, 30 टक्क्यांहून जास्त वाढ झाली तर मात्र धमन्यांचा विचार करावा लागतो. म्हणून या गोळ्या सुरू केल्यावर किंवा त्यांचा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासण्याची पद्धत आहे. आमच्या बाबतीत ही तपासणी उशिरा झाली आणि झाल्यावर तिच्याकडे कोणी पाहिले नाही, कारण रिपोर्टवर क्रिएटिनिनसमोर छापलेला लहानसा बाण साऱ्यांनी वयाच्या नावावर लिहिला. वाचकांसाठी डॉक्टरांचाच इशारा येथे देतो : हे वाचून कोणी आपली 'सार्टन' गोळी परस्पर बंद करू नये, बहुसंख्य रुग्णांना तिचा फायदाच होतो. आधी रक्त तपासावे आणि मग डॉक्टरांना विचारावे.

फाईलमध्ये आणखी दोन गोष्टी निघाल्या. लघवीची गोळी सुरू होण्याच्याही आधीच्या एका रिपोर्टात पोटॅशियम 3.3 होते, आणि गोळी चालू नसताना ते इतके खाली का, हे विचारायला हवे होते. दुसरी गोष्ट म्हणजे पित्ताशयातल्या खड्यांसाठी काढलेली एक जुनी सोनोग्राफी. तिच्यात उजवे मूत्रपिंड 10.2 सेंटिमीटर आणि डावे 8.3 सेंटिमीटर असे स्पष्ट छापलेले होते. दोघांच्या लांबीत दीड सेंटिमीटरहून अधिक फरक असणे ही महत्त्वाची खूण असते, कारण वर्षानुवर्षे रक्त कमी मिळालेले मूत्रपिंड आकसत जाते. त्या रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत निष्कर्ष म्हणून फक्त खड्यांचा उल्लेख होता, त्यामुळे आम्हीही फक्त खड्यांचीच काळजी केली. जाहिरातींतल्या 'संपूर्ण शरीर तपासणी' पॅकेजांमध्ये 'किडनी प्रोफाइल' नावाने जे मिळते, ते बहुधा क्रिएटिनिन, युरिया आणि लघवीची तपासणी एवढेच असते. धमन्यांबद्दल त्यातून थेट काही कळत नाही, हे पैसे भरण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

तरुण रुग्णांचा मुद्दा वेगळा आहे आणि ओपीडीत त्याची दखल घेतली जाते, हे प्रतीक्षागृहातील गर्दी पाहूनही कळत होते. तिशीच्या आत, घराण्यात कोणाला रक्तदाब नसताना आणि वजनही बेताचे असताना ज्या मुलीला किंवा मुलाला रक्तदाब जडतो, तिथे चरबीच्या थरांचा प्रश्न सहसा नसतो. भारतात अशा वयात ताकायासु या धमनीदाहाचा विचार आवर्जून करावा लागतो. मिकितो ताकायासु या जपानी नेत्रतज्ज्ञाने 1908 मध्ये डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांतील बदलांवरून वर्णन केलेला हा आजार मुख्यतः तरुण स्त्रियांमध्ये आढळतो. त्यात महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, आणि तिच्या फांद्या सुजून अरुंद होतात, एका हाताची नाडी मंद लागते किंवा लागतच नाही, काम करताना हात लवकर दुखून येतो आणि दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक पडतो. मोजणीच्या खोलीतल्या त्या लाल शाईचे महत्त्व इथे आणखी वाढते. दुसरा आजार धमनीच्या भिंतीच्या विकृत वाढीचा आहे. तोही स्त्रियांमध्येच जास्त दिसतो आणि त्यात धमनी मण्यांच्या माळेसारखी दिसते. अशा रुग्णाला फुग्याने धमनी रुंद केल्यास बऱ्याचदा चांगला गुण येतो आणि स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, घालावाच लागतो असे नाही. "या वयात कसला बीपी, अभ्यासाचं टेन्शन असेल" असे म्हणून अशा मुलींना परत पाठवले जाते, ही माझ्या मते आपल्याकडची सर्वांत महागात पडणारी चूक आहे. लग्न ठरले असेल किंवा बाळाचा विचार असेल, तर 'सार्टन' आणि 'प्रिल' गोळ्या गर्भासाठी धोकादायक असल्याने ही चौकशी आणखी तातडीची होते.

आता तक्रारींकडे वळतो. धमन्यांतील रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉपलर सोनोग्राफीसाठी उपाशीपोटी यायचे असते, कारण आतड्यांतला वायू आड आला की खोलवरची धमनी दिसत नाही. आम्हाला ही सूचना तोंडी आणि अर्धवट मिळाली, त्यामुळे सासरे एसटीतून उतरून दुधाचा चहा घेऊनच पोहोचले. तपासणी झाली, पण डाव्या धमनीचे मूळ दिसले नाही आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा साताऱ्याहून यावे लागले. एका चिठ्ठीवर मोठ्या मराठी अक्षरांत चार ओळी छापल्या असत्या, तर एका वृद्ध माणसाची फेरी वाचली असती. दुसऱ्या खेपेस मात्र तपासणी फारच निगुतीने झाली. करणाऱ्या डॉक्टरांनी पाऊण तास दिला, दोन्ही बाजूंनी धमनी शोधली आणि आकडे लिहून दिले. डाव्या धमनीत रक्ताचा सर्वाधिक वेग सेकंदाला 320 सेंटिमीटर होता, तर उजवीकडे 230. साधारणतः 180 ते 200 च्या वर वेग गेला किंवा महाधमनीतील वेगाच्या साडेतीन पटींहून जास्त झाला, तर धमनी लक्षणीय अरुंद असल्याचे मानतात. आम्ही आधी दुसरीकडे केलेल्या डॉपलरच्या रिपोर्टात वेगाचा एकही आकडा नव्हता, 'रक्तप्रवाह समाधानकारक' एवढेच होते. ही तपासणी करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असते. म्हणून कुठेही करा, पण दोन्ही बाजूंचे वेग, महाधमनीशी गुणोत्तर, मूत्रपिंडांची लांबी आणि 'धमनी पूर्ण दिसली की नाही' ही नोंद मागून घ्या. डॉपलरचे आमच्याकडून 2,800 रुपये घेतले गेले. इतका वेळ दिल्यानंतर ते मला योग्य वाटले.

सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचे स्कॅन, लगेच केली नाही, ही गोष्ट मला विशेष आवडली. तिच्यासाठी शिरेतून द्यावे लागणारे औषध थकलेल्या मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकते, म्हणून आधी टेल्मिसार्टन थांबवून, लघवीची गोळी कमी करून क्रिएटिनिन 1.4 पर्यंत उतरू दिले आणि मगच तपासणी केली. डावी धमनी सुमारे 80 टक्के आणि उजवी सुमारे 60 टक्के अरुंद असल्याचे निघाले.

घरात त्या संध्याकाळी एकच शब्द फिरत होता : स्टेंट. हृदयात घालतात तसा इथेही घालून टाकावा, एकदाचे काम संपेल, असे नातेवाईकांचे मत होते. एका खासगी रुग्णालयातून तर विचारल्याबरोबर खर्चाचा आकडाही आला. गुरुवारच्या ओपीडीत मात्र डॉक्टरांनी घाई केली नाही आणि त्यामागची कारणे कागदावर मांडली. मूत्रपिंडाच्या धमनीत फुगा घालून ती रुंद करण्याची सुरुवात आंद्रेआस ग्रुंटसिग यांनी 1978 मध्ये केली आणि नंतर अनेक वर्षे चरबीच्या थरांनी अरुंद झालेल्या धमन्यांत सर्रास स्टेंट घातले गेले. त्यानंतर 2009 मध्ये 806 रुग्णांच्या 'अ‍ॅस्ट्रल' अभ्यासाचे आणि 2014 मध्ये 947 रुग्णांच्या 'कोरल' अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चांगली औषधे चालू असताना स्टेंट घातल्याने मृत्यू, हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण कमी झाले नाही, आणि 'कोरल'मध्ये वरच्या रक्तदाबात पडलेला फरकही दोन-अडीच अंकांचाच होता. ज्यांच्या फुप्फुसात वारंवार पाणी होते, ज्यांचे दोन्ही मूत्रपिंड वेगाने खालावत आहेत किंवा खरोखर सर्व औषधे देऊनही ज्यांचा रक्तदाब बधत नाही, त्यांच्यासाठी स्टेंटचा विचार आजही केला जातो. सासरे सध्या त्यांत बसत नव्हते. त्यामुळे औषधांची फेररचना झाली, कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी जोडली गेली आणि तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाची चिठ्ठी मिळाली. वरचा आकडा आता 140 च्या आसपास असतो. तंबाखू सुटली का, या प्रश्नाचे उत्तर सासरे अजून थोडे वळसे घेऊन देतात.

काही उणिवा मात्र राहतात. केस पेपर मिळण्यापासून डॉक्टरांपर्यंत पोहोचण्यास तीन तास लागतात आणि या काळात बसण्यासाठी पुरेसे बाक नाहीत, हे रक्तदाबाच्याच रुग्णांच्या बाबतीत जरा विचित्र वाटते. घरी नेण्यासाठी दिलेले माहितीपत्रक पूर्ण इंग्रजीत होते. त्यात धोक्याच्या खुणा होत्या, पण ज्यांना त्या ओळखायच्या आहेत त्यांना वाचता येणार नाहीत अशा भाषेत. मधल्या दिवसांत रिपोर्ट दाखवायचा असेल किंवा एखादी शंका विचारायची असेल, तर फोनची सोय नाही. क्रिएटिनिन दोन आठवड्यांनी तपासा असे सांगायचे आणि तो आकडा पाहण्यासाठी पुन्हा साताऱ्याहून यायला लावायचे, यात मेळ नाही. ही सोय झाली, तर बाहेरगावच्या रुग्णांची किती तरी पायपीट वाचेल. प्रतीक्षागृहात मीठ कमी खा, चालायला जा असे फलक आहेत, पण 'गोळी बदलल्यावर रक्त तपासा' असा एकही फलक नाही.

पाचपैकी मी या सेवेला चार गुण देतो आणि उरलेला एक गुण मराठी माहितीपत्रक व फोनची सोय यांच्यासाठी राखून ठेवतो. एका गोळीवर रक्तदाब ठीक असलेल्यांनी येथे येऊन गर्दी करण्याचे कारण नाही, त्यांच्यासाठी जवळचा डॉक्टर पुरेसा आहे. पण तीन औषधे, त्यांतील एक लघवीची, नियमित घेऊनही ज्यांचा आकडा चढाच आहे, 'सार्टन' किंवा 'प्रिल' सुरू झाल्यावर ज्यांचे क्रिएटिनिन उडी मारते, ज्यांच्या सोनोग्राफीत दोन मूत्रपिंडांचे माप जुळत नाही किंवा ज्यांना तिशीच्या आतच रक्तदाब जडला आहे, त्यांना या रांगेतले तीन तास सार्थकी लागतील.

येताना शक्य तितके जुने रिपोर्ट, त्यातही कोणत्याही कारणाने केलेल्या जुन्या सोनोग्राफीचे कागद, सर्व औषधांची पाकिटे, वेदनाशामक आणि आयुर्वेदिक औषधांसह, आणि घरच्या मोजणीची वही आणावी. प्रत्येक गोळी कोणत्या महिन्यात सुरू झाली, हे घरीच एका कागदावर लिहून आणले, तर डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि तो वेळ आपल्यालाच मिळतो. केस पेपरचे 100 रुपये होतात आणि तो दुपारी दीड ते तीन या वेळेतच निघतो. साताऱ्याच्या बाजूने येणाऱ्यांनी साडेबारापर्यंत स्वारगेटला उतरावे, आणि त्या दिवशी डॉपलर ठरलेली असेल तर उतरल्यावर चहाच्या टपरीकडे वळू नये.